एकही रुपया न आलेलं बिल यादीत का दिसत नाही?

गोंदियातल्या राइस मिलचा तांदूळ आमगाव-तिरोड्याच्या दुकानांना उधारीवर देताय? मग अ‍ॅक्सेसमध्ये दोन टेबल करा: 'उधारी' आणि 'जमा'. क्वेरी डिझाइनमध्ये दोन्ही आणा आणि एकातला बिल नंबर माऊसने ओढून दुसऱ्यातल्या बिल नंबरवर सोडा. दुकानाच्या नावावर जोडू नका, एकाच नावाची दोन दुकानं निघतातच. मधे रेघ आली की जॉइन झाला.

पण थांबा! हा जॉइन दोन्हीकडे असलेलीच बिलं दाखवतो. ज्यावर काहीच जमा नाही ते बिल गायब, आणि वसुलीला तर आधी तिथंच जायचंय! रेघेवर डबल क्लिक करून 'उधारी'तल्या सगळ्या नोंदी दाखवणारा पर्याय निवडा. 'जमा'तला बिल नंबरही खाली घ्या, त्याच्या क्रायटेरियात 'इज नल' लिहा. रन केलं की पूर्ण थकलेली बिलंच उरतील.