खडी, मजुरी आणि हिशेब : इंडोनेशियातील लोकसंचालित विकास

लोकसंचालित विकासात सरकार गावासाठी काम निवडत नाही. ठरावीक निधी लोकांच्या हाती दिला जातो. रस्ता हवा की पाणी, हे ते बैठकीत ठरवतात, काम स्वतः करून घेतात आणि हिशेबही ठेवतात. गरिबी हटवण्याचा हा मार्ग इंडोनेशियाने देशव्यापी प्रमाणावर आजमावला.

1997 च्या आर्थिक संकटात तिथले चलन कोसळले आणि मे 1998 मध्ये सुहार्तो यांची तीन दशकांची राजवट संपली. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून ‘केचामातान विकास कार्यक्रम’ सुरू झाला. केचामातान हा जिल्ह्याखालचा, अनेक गावांचा प्रशासकीय घटक. जकार्ताहून खाली येताना पैसा टप्प्याटप्प्यावर झिरपत असे; म्हणून निधी थेट केचामातानच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. गावांचे प्रस्ताव तिथल्या बैठकीत एकमेकांशी स्पर्धा करत. गावाच्या प्रस्तावांपैकी किमान एक महिलांच्या बैठकीतून आलेला असावा, ही अट होती. खर्चाचे आकडे गावातल्या फलकावर लावले जात.

लोक बैठकीला बसले की चोरी आपोआप थांबेल, हा या पद्धतीमागचा मोठा विश्वास. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी मध्य आणि पूर्व जावातील 608 गावांत तो तपासला. या गावांत कार्यक्रमाच्या निधीतून रस्ते होत होते. अभियंत्यांनी तयार रस्ते जागोजागी खणून प्रत्यक्षात किती खडी-वाळू पडली ते मोजले, मजुरांना आणि विक्रेत्यांना विचारून मजुरी व भाव काढले आणि ते सारे कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिले. काही गावांना आधीच सांगितले होते की सरकारी लेखापरीक्षण हमखास होणार. एरवी ही शक्यता सुमारे 4 टक्के असे. या गावांत गहाळ रकमेचे प्रमाण सरासरी 8 टक्के-अंकांनी घटले. काही गावांत घरोघरी निमंत्रणे वाटली. हिशेबाच्या बैठकीला गर्दी वाढली, पण एकूण गळती फारशी कमी झाली नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. निमंत्रणांमुळे मजुरीतली चोरी कमी झाली, साहित्यातली मात्र तशीच राहिली. मजुरी बुडाली तर नुकसान एका माणसाचे असते आणि तो बैठकीत उठून बोलतो. खडी कमी पडली तर नुकसान सगळ्या गावाचे, म्हणून तक्रार कोणाचीच नाही. शिवाय रस्त्याच्या पोटात किती खडी आहे हे डोळ्यांना दिसत नाही. लेखापरीक्षणही निर्दोष उपाय ठरले नाही. जिथे ते हमखास होते, तिथे गावच्या कारभाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रकल्पावर अधिक कामे मिळाली. लोकसहभाग आणि बाहेरची तपासणी यांतले एकच निवडा, असा पर्याय गावापुढे ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे. जे गावाला दिसते ते गावाने पाहावे. जे दिसत नाही, त्यासाठी मोजमाप जाणणारा तपासनीस लागतो.

गरिबीवर परिणाम झाला का? कार्यक्रमाच्या मूल्यमापनात गरीब ग्रामीण कुटुंबांचा दरडोई उपभोग इतर भागांपेक्षा अधिक वाढलेला आढळला. परंतु स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या आणि प्रमुखाचे प्राथमिक शिक्षणही न झालेल्या घरांपर्यंत हा लाभ पोहोचला नाही. पद्धतीची ही सर्वांत गंभीर उणीव. बैठकीत ज्यांचा आवाज चालतो, त्यांचीच गरज गावाची गरज म्हणून नोंदली जाते. विधवा आणि एकट्या स्त्रियांचे स्वतंत्र गट बांधणारी ‘पेक्का’ ही चळवळ 2001 पासून उभी राहिली, ती याच घरांसाठी.

2007 मध्ये कार्यक्रमाचा विस्तार राष्ट्रीय योजनेत झाला. 2014 च्या ग्राम कायद्याने तर प्रत्येक गावाला राष्ट्रीय अर्थसंकल्पातून दरवर्षी निधी मिळण्याचा हक्क दिला. आता प्रस्तावांची स्पर्धा उरली नाही. पैसा गावाच्या अंदाजपत्रकात येतो आणि त्याचा कारभार निवडून आलेल्या ग्रामप्रमुखाकडे असतो.