ॲपगार स्कोअर आणि परदेशी विद्यापीठ

ज्या बाळांना मी सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी बीसीजी टोचली, ती बाळे आता अभियंता होऊन पदवी हातात घेऊन उभी आहेत. त्यांचे आईवडील लग्नकार्यात किंवा गणेशोत्सवात भेटले, की एके काळी 'दात कधी येतील?' असे विचारणारी तीच मंडळी आता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराला जर्मनीला पाठवावे काय? तुम्ही मुलीला पाठवलेत, विद्यापीठ कसे पारखलेत?" प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देणे जमत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर सविस्तर लिहून काढावे, असे ठरविले. त्यात माझे शहाणपण थोडे आणि चुका अधिक आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या मुलीने २०२४ मध्ये इंदूरमध्येच इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी युरोपातील तांत्रिक विद्यापीठात जाण्याचा मनोदय बोलून दाखविला. मी तत्काळ एक दोनशेपानी वही आणली. रुग्णाचा इतिहास नोंदवावा तसे रकाने आखले : स्थापना, क्रमवारी, शुल्क, राहण्याचा खर्च, हवामान, सुरक्षितता. रात्री दवाखाना आटोपला, की मी ती वही उघडून बसे. कन्या समोर बसून पाहत असे. ती फारसे बोलत नसे, आणि ते संमतीचे लक्षण आहे, असा माझा समज होता.

क्रमवारीचा मोह

प्रथम नजर गेली ती जागतिक क्रमवारीकडे. एका प्रसिद्ध यादीत म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ पहिल्या तिसांत होते. मी त्यावर लाल शाईने खूण केली. मग मनात आले, की आपण कोणत्याही तपासणीचा अहवाल वाचताना ती कशी केली हे विचारतो. येथे का विचारू नये? शोधले तेव्हा कळले, की त्या क्यूएस यादीत ३० टक्के गुण अन्य विद्वानांच्या मतावर, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतावर आणि २० टक्के प्राध्यापकांच्या संशोधनाचा इतरांनी किती उल्लेख केला, यावर असतात. म्हणजे पासष्ट टक्के गुण कीर्तीचे आणि संशोधनाचे. वर्गात कसे शिकवतात, विद्यार्थी अडखळला तर काय होते, यांचा थेट हिशेब त्यात नाही.

आपणा बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार नवा नाही. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला स्कोअर आपण रोज वापरतो. पाच लक्षणे, प्रत्येकी दोन गुण, एकूण दहा. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. त्याचे काम बाळाची त्या क्षणीची अवस्था सांगणे. बाळ पुढे हुशार होईल की नाही, हे तो सांगत नाही, आणि गुण कमी आल्यास हाताशी कोण उभे आहे, हेही सांगत नाही. बाळंतघराची खरी परीक्षा तर त्या दुसऱ्या प्रश्नात असते. विद्यापीठाच्या बाबतीत हे मला सुचायला बराच काळ लागला.

शुल्काचा हिशेब

पैशाचा रकाना मात्र झटपट भरला. २०१४ पर्यंत जर्मनीतील सर्व राज्यांनी सरकारी विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द केले होते. त्यामुळे 'जर्मनीत शिक्षण फुकट' असे वाक्य आपल्याकडे रूढ झाले. ते आता सरसकट खरे नाही. कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात येतात, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्रास १,५०० युरो शुल्क लावले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना दर सत्रास ४,००० किंवा ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. हॉलंडमधील डेल्फ्टला वर्षाला वीस हजारांहून अधिक युरो लागतात. झ्युरिकच्या ईटीएचने २०२५च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क तिप्पट केले, तरी ते सत्राला २,१९० फ्रँक, म्हणजे डेल्फ्टपेक्षा पुष्कळच कमी. पण झ्युरिकमध्ये राहण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा.

शुल्क नसले तरी पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या नावे जर्मनीतील ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावी लागते. मुलगी गेली त्या वर्षी ती ११,९०४ युरो होती. आपले सुमारे बारा लाख रुपये. त्यातून तिला महिन्याला ९९२ युरो काढता येतात. शिवाय पदवीच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले आहे. हे सारे पाहून एक महत्त्वाची सूचना करतो : अभ्यासक्रम कागदोपत्री चार सत्रांचा असतो, पण अनेकांना पाच-सहा सत्रे लागतात. हिशेब तीन वर्षांचा धरावा.

याच सुमारास आम्ही शहरातील एका सल्लागाराकडे गेलो. कार्यालय वातानुकूलित, कॉफी उत्तम. साहेबांनी मुलीचे गुण धड न पाहताच एका खासगी संस्थेचे नाव सुचविले. शुल्क घसघशीत, प्रवेश मात्र हमखास. त्यांचे मानधन विचारले, तर म्हणाले, "आपल्याकडून एक पैसाही नको." मग पैसा कोणाकडून येतो, हे वाचकहो, तुम्हाला समजावून सांगायला नको. 'कट' हा शब्द आपल्या व्यवसायाला अपरिचित नाही. घरी येऊन जर्मनीच्या 'अनाबिन' या सरकारी माहितीकोशात संस्थांची मान्यता कशी पाहायची, ते मुलीनेच मला शिकवले. 'एच प्लस' असे चिन्ह असेल तर संस्था मान्यताप्राप्त. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते.

क्लिनिकली कोरिलेट करावे

सौभाग्यवती पॅथॉलॉजिस्ट. एके रात्री तिने माझी वही चाळली आणि म्हणाली, "आम्ही रिपोर्टखाली 'क्लिनिकली कोरिलेट करावे' असे लिहितो, ते तुम्ही लोक वाचता की नाही? यात रुग्ण कुठे आहे?" मी मुलीकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, या वहीत माझा एकही प्रश्न नाही."

बालरोगशास्त्रात इतिहास आईवडील सांगतात, पण रुग्ण मूल असते, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. घरात विसरलो. मी वही तिच्याकडे सरकवली. तिचे प्रश्न तीनच होते. मला जो विषय शिकायचा आहे, तो तिथे कोण शिकवतो आणि त्यांची प्रयोगशाळा कशावर काम करते? माझ्या पदवीतील विषय त्यांच्या अटींत बसतात काय? आणि मी नापास झाले तर काय होईल?

पहिल्या दोन प्रश्नांनी यादी आपोआप आक्रसली. जर्मन विद्यापीठे केवळ टक्के पाहत नाहीत. गणित, सिग्नल, इलेक्ट्रॉनिक्स अशा प्रत्येक विषयाचा किती अभ्यास झाला, हे क्रेडिटमध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, आणि पदव्युत्तर पदवीला १२० क्रेडिट. म्हणजे तीन हजार ते छत्तीसशे तासांची मेहनत. त्यांची गुणपद्धतीही आपल्या उलट : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण. विषयांची ही जुळवाजुळव करताना तिला डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठाचा दळणवळण अभियांत्रिकीचा इंग्रजी अभ्यासक्रम मनापासून आवडला. माझ्या लाल खुणांत ते नाव नव्हते. विद्युत अभियांत्रिकीचे जगातील पहिले अध्यासन १८८२ साली याच संस्थेत एरास्मुस किटलर यांच्यासाठी निर्माण झाले, हे मला त्यानंतर कळले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या नियमावलीत होते, आणि ती मी उघडलीच नव्हती. जर्मनीतील अनेक विद्यापीठांत एखादी सक्तीची परीक्षा साधारणपणे तीनच वेळा देता येते. तिसऱ्यांदाही अपयश आले, तर विद्यार्थ्याचे नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम त्या देशातील दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणाशी बांधलेला असल्यामुळे तोही धोक्यात येतो.

तिथल्या जीवनाची कल्पना यावी म्हणून आम्ही जर्मनीत शिकणाऱ्या एका मुलाशी बोललो. तो कोणत्या गावचा, कोणत्या विद्यापीठातला, हे मी लिहिणार नाही. तासभर त्याने खोलीची टंचाई, दुपारी चारला पडणारा अंधार, बेकरीत आणि घरमालकाशी लागणारे जर्मन, सारे मोकळेपणाने सांगितले. शेवटी मुलगी पाणी आणायला उठली, तेव्हा तो एकदम म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून सांगतो. एका विषयात दोनदा नापास झालोय. तिसरा प्रयत्न पुढच्या महिन्यात आहे. घरी माहीत नाही. त्यांना वाटते, सगळे छान चाललेय." झोप लागते का, विचारले. लागत नव्हती. विद्यापीठात समुपदेशक आहेत काय, विचारले. होते, विनामूल्य होते. तो गेला नव्हता. मी त्याला तिथे जायला सांगितले आणि घरी बोलायलाही सांगितले. पुढे काय झाले, ते सांगणे माझ्या अधिकारात नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी स्वतः शरीररचनाशास्त्रात नापास झालो होतो. तीन आठवडे घरी सांगितले नाही. रोज सकाळी ॲप्रन घेऊन निघत असे. वडिलांना ते बाहेरून कळले. ते शिक्षक, बोलणे मोजके. त्या रात्री त्यांनी मला सराफ्यात नेले, भुट्ट्याचा कीस खायला घातला आणि परत येताना एवढेच विचारले, "पुढची परीक्षा कधी?" हे मी मुलीला कधी सांगितले नव्हते. ती मला आजन्म पहिल्या वर्गात आलेला मनुष्य समजत होती. दुसऱ्या दिवशी सांगितले. ती बराच वेळ हसली, आणि मग गंभीर झाली.

मुलांना परदेशी पाठवताना घराघरांत जे घडते, तेही काही नवे नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांचाच सुनेच्या त्या बेताला विरोध होता. पती दिनकर कर्वे यांनी तो मानला नाही. ते स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले असल्याने तिकडची वाट त्यांना ठाऊक होती. प्रवासासाठी कर्ज मिळाले ते जीवराज मेहतांकडून. आपल्याच व्यवसायातले गृहस्थ, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इरावतीबाई दोन वर्षांत पदवी घेऊन परतल्या. एवढ्या मोठ्या समाजसुधारकाचाही पाय घरच्या उंबऱ्यावर अडखळला, तर आपण कोण?

काय पाहावे?

तर माझे उत्तर थोडक्यात असे. संस्था सरकारमान्य आहे ना, पाहा. शुल्काचा चालू वर्षाचा आकडा विद्यापीठाच्याच पत्रकातून घ्या, कारण नियम दरवर्षी बदलतात. विषयांचा मेळ मुलालाच घालू द्या. परीक्षेची नियमावली दोघांनी मिळून वाचा. समुपदेशन, वसतिगृह आणि विद्यार्थी सहाय्य यांची व्यवस्था कुठे आहे, हे निघण्यापूर्वी मुलाच्या वहीत लिहिलेले असू द्या. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन शिकूनच जाऊ द्या. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, पण भाषेवाचून ते अपुरे पडतात. आणि सर्वांत शेवटी आपले घर तपासा. मुलाला अपयश सांगण्याची जागा त्या घरात आहे काय? ती नसेल, तर पहिल्या तिसांतले विद्यापीठसुद्धा आपल्या मुलासाठी असुरक्षित आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुलगी गेली. सामानात मेतकूट, गोडा मसाला आणि इंदुरी शेव होती. माझी वही तिने नेली नाही. ती माझ्या टेबलावर आहे.

परवा दुपारी दवाखान्यात गर्दी असताना तिचा फोन आला. एरवी ती यावेळी करत नाही. म्हणाली, "बाबा, तीन पेपर निघाले. एक गेला." बाहेर कुणाचे तरी बाळ रडत होते. मी क्षणभर थांबलो. मग विचारले, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो." मी विचारले, "पुढची परीक्षा कधी?"

तिने तारीख सांगितली. रात्री घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी त्या तारखेभोवती पेन्सिलीने एक गोल काढला.