इंग्रजींतील अनुतापाचे शब्द

आगगाडीच्या डब्यांत कोणाच्या पायावर पाय पडला कीं 'सॉरी'. स्नेह्याच्या आजाराची वार्ता कळली तरी 'सॉरी'. आणि कोणाचे वडील निवर्तल्याचें ऐकलें तरीहि 'सॉरी'च. सुशिक्षित मराठी घरांत हा शब्द इतका रुळला आहे कीं, त्याचे भाईबंद निराळ्या अर्थाचे आहेत याचा सहसा विसर पडतो.

'सॉरी'चें नातें दुखऱ्या अंगास लावण्यांत येणाऱ्या 'सोअर' या शब्दाशीं आहे. दुःखवाचक 'सॉरो' त्याचा सख्खा भाऊ वाटला, तरी मुळांत तो निराळ्या कुळांतला. 'सॉरी' म्हणणारा आपलें मन दुखतें एवढेंच सांगतो. दोष आपला कीं दैवाचा, हें त्या एका शब्दावरून उमगत नाहीं. 'रिग्रेट'चीहि तीच गत. जुन्या फ्रेंच भाषेंत तो मृतांसाठीं केलेल्या विलापास लावीत. त्यांत हळहळ आहे, कबुली नाहीं. म्हणूनच उमेदवारास नकार कळवितांना कचेऱ्या तो बिनदिक्कत वापरतात.

'रिमोर्स'चें तसें नाहीं. लॅटिनमधील त्याचा मूळ अर्थ 'पुन्हा चावणें'. इ. स. १३४० मध्यें केंट प्रांतांतील मायकेल नांवाच्या साधूनें एका फ्रेंच धर्मग्रंथाचें भाषांतर केलें, तेव्हां त्यानें परका शब्द न घेतां ग्रंथास 'आयेनबाइट ऑफ इनविट' असें देशी नांव दिलें. म्हणजे अंतर्यामींच्या जाणिवेचा पुनर्दंश. मराठी माणूस 'मन खातें' म्हणतो, तें यापासून फार दूर नाहीं. परक्याच्या मरणाचें 'रिग्रेट' वाटूं शकतें. 'रिमोर्स' मात्र स्वतःच्याच कृत्याचा. 'रिपेंटन्स'मध्यें याहून पुढें जाऊन वर्तन पालटण्याचा निश्चय येतो.

सर्वांत नवल 'अपॉलजी'चें. ग्रीक भाषेंत तो न्यायसभेंतील बचावाच्या भाषणाचा वाचक होता. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसावर अभियोग चालला. प्लेटोच्या ज्या ग्रंथांत त्याचें भाषण आहे, त्यास 'अपॉलजी' म्हणतात, आणि त्यांत क्षमायाचनेचा लवलेश नाहीं! बचावाचा हा शब्द पुढें दोषस्वीकाराचा झाला.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नव्हे. ऑस्ट्रेलियांत मूळ रहिवाशांचीं मुलें सरकारी धोरणानें आईबापांपासून तोडलीं गेलीं. १९९९ मध्यें तेथील संसदेनें त्या समाजावरील अन्यायांबद्दल 'रिग्रेट' व्यक्त केला. पीडितांचें समाधान झालें नाहीं. १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं 'अपॉलजी' मागितली आणि 'सॉरी' हाहि शब्द उच्चारला. डब्यांतला तोच हलका शब्द येथें जड झाला, कारण कोणाच्या कायद्यांनीं व धोरणांनीं ही हानि केली, हें त्याबरोबर सांगितलें गेलें.

१३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेंतील हत्याकांडाविषयीं ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे १० एप्रिल २०१९ रोजीं कॉमन्स सभेंत बोलल्या. त्यांनीं 'रिग्रेट' म्हटलें. 'अपॉलजी' म्हटलें नाहीं. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनीं त्याच सभेंत 'अपॉलजी'चीच मागणी केली. मराठींत मे यांच्या शब्दास 'खेद' म्हणावें, फार तर 'दिलगिरी'. 'माफी' म्हणणें म्हणजे जें दिलें गेलें नाहीं तें पदरीं पडलें असें समजणें होय.