पदरी घेतलेली खोट

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये पात्र तयार करताना खेळाडू त्याला एखादी खोट स्वतःहून लावून घेतो. पात्र रातांधळे असते, तापट असते, सावकाराच्या कर्जात बुडालेले असते किंवा दिलेला शब्द त्याला मोडता येत नाही. या खेळात चार-पाच जण जमतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात आणि यशाची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. पात्राचा सारा तपशील एका कागदावर असतो. खोटही त्याच कागदावर लिहिलेली असते.

सुरुवातीला अशी निवड नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला, तेव्हा पात्राचे सहा गुण तीन-तीन फासे टाकून ठरत. दान वाईट पडले की पात्र अशक्त किंवा मंद निघे आणि कपाळी आले ते मुकाट्याने घ्यावे लागे. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ने हा हिशेब बदलला. खेळाडूच्या हाती ठरावीक गुणांचे भांडवल आले. त्यातून बळ आणि कसब विकत घ्यायचे, आणि भांडवल कमी पडले तर खोट पत्करून आणखी गुण मिळवायचे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ने १९८६ पासून हीच पद्धत कुठल्याही काळातल्या कथेला लागू केली. महाभारत ऐकत वाढलेल्या वाचकाला हा सौदा परका वाटू नये. देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि शंतनूने त्याला इच्छामरणाचा वर दिला. कर्णाचे शाप मात्र फाशाच्या दानासारखे, न मागता पदरी पडलेले.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात एखादी कथा रचली, तर हा व्यवहार जवळून दिसतो. चौकाचे नाव १८५७ च्या उठावाची आठवण सांगते. बंडवाल्यांना जिथे मृत्युदंड दिला गेला तो काळा चबुतरा याच परिसरातला. त्या वर्षी जूनमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पहिल्या घोडदळातल्या सवारांनी निजामाच्या मुलुखाबाहेर लढायला जाण्यास नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्न यांची फौज आली आणि बंड मोडले. समजा, एका खेळाडूला या घोडदळातला सवार व्हायचे आहे. सवार दोन तऱ्हेचे असत: स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. खेळाडू बारगीर निवडतो, म्हणजे पैशाची तंगी आलीच. ‘गर्प्स’च्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत पैशाच्या तंगीला १० गुण मिळतात, रातांधळेपणाला १० आणि तापट स्वभावालाही १०. तिन्ही खोटी घेतल्या की ३० गुण हाती येतात, आणि त्यांतून तलवारबाजी व घोडेस्वारी चांगली वाढवता येते.

आता खेळ सुरू होतो. कवायतीच्या मैदानावर कॅप्टन सवारांची नावे पुकारत आहे. आपल्या सवाराला खाली मान घालून उभे राहायचे आहे, पण कागदावर ‘तापट’ लिहिलेले असल्याने सूत्रधार तीन फासे पुढे सरकवतो. बेरीज १२ किंवा त्याहून कमी आली तर राग गिळता येतो. शंभरातून सुमारे ७४ वेळा ती तशी येते. या वेळी १३ पडतात. हात पिस्तुलाकडे जातो आणि अंधारात गुपचूप निसटायचा सगळा बेत उधळतो. प्रसंग फारसा काल्पनिकही नाही: त्या बंडात याच घोडदळाचे कॅप्टन ॲबट यांच्यावर गोळी झाडल्याबद्दल दफेदार मीर फिदा अली यांना फाशी झाली होती. पळ काढला तरी छावणीतून शहराकडे जाताना खाम नदी आडवी येते, आणि रातांधळ्या बारगिराला ती कुणाचा तरी हात धरूनच ओलांडावी लागते.

पण सूत्रधाराने सारी कथा दिवसाढवळ्याच घडवली तर? मग रातांधळेपणाचे १० गुण फुकटात पडले. खोटीच्या बदल्यात गुण देण्याच्या पद्धतीतली मुरलेली अडचण ही आहे. हिशेबी खेळाडू नेमकी न नडणारी खोट शोधून काढतात. ज्या कथेत विहीरसुद्धा नाही तिथे पात्राला पाण्याची भीती असते. म्हणून ‘गर्प्स’ने मर्यादा सुचवली: खोटींचे गुण मूळ भांडवलाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’मध्ये (२००३) मोठ्या खोटीचे २, लहान खोटीचा १ आणि सगळे मिळून फार तर ४ गुण मिळतात. अशा मर्यादेने हाव आवरते, पण कागदावरची खोट कागदावरच राहू शकते.

खरा तोडगा निघाला तो मोबदल्याची वेळ बदलल्यावर. जॉन विक यांच्या ‘सेव्हन्थ सी’मध्ये (१९९९) जुना वैरी किंवा डोक्यावरचे कर्ज मिळवायला खेळाडूला गुण मोजावे लागतात. ऐकायला उफराटे वाटते, पण त्या वैऱ्याने कथेत डोके वर काढले की अनुभवाचे जादा गुण मिळतात. २०१३ च्या ‘फेट कोअर’मध्ये सूत्रधार खोटीवर बोट ठेवतो आणि एक चकती पुढे करतो. चकती घेतली की संकट मान्य. नाकारायची तर आपल्याजवळची एक द्यावी लागते. अशा खेळात न नडणारी खोट लिहून काहीच हाती लागत नाही. उलट खेळाडूच आठवण करून देतात, ‘अहो, माझा सवार तापट आहे ना?’

खोटींच्या याद्यांमधली एक गोष्ट आज खटकते. ‘गर्प्स’च्या एकाच प्रकरणात एक डोळा नसण्याला १५ गुण आहेत आणि सचोटीला १०. सचोटीचे समजते, कायदा मोडायला मन न धजावणारा बंडवाला पावलोपावली अडणारच. शरीरातल्या कमतरतेला भित्रेपणा आणि लोभाच्या रांगेत बसवून भाव ठरवणे वेगळे. २०२० मध्ये सारा थॉम्पसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी लढाईत वापरायच्या चाकाच्या खुर्चीचे नियम लिहिले, तेव्हा ती खुर्ची खोट म्हणून आलीच नाही. ती पात्राचे साधन होती, ढालीसारखी.

सोबत्यांना नडणाऱ्या खोटींबद्दल सूत्रधार आधीच बोलून घेतात. हाताला चोरीची सवय असलेले पात्र शत्रूच्या तंबूत शोभते. ते आपल्याच साथीदारांचे खिसे कापू लागले की चार जणांची संध्याकाळ वाया जाते.

पदरी घेतलेली खोट पुढे फेडताही येते. खेळता खेळता मिळालेल्या गुणांतून जितके घेतले तितके परत करायचे, मात्र कथेत त्याला कारण हवे. बारगिराने धुमश्चक्रीत बेवारस घोडा पकडला, तो पुढच्या गावापर्यंत टिकवला आणि १० गुण चुकते केले, की कागदावरचा ‘बारगीर’ खोडून तिथे ‘शिलेदार’ लिहायचे. तापटपणा आणि रातांधळेपणा खालच्या ओळीत तसेच राहतात.