न आलेल्या रुग्णांची नोंद

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दारात पोहोचलेल्या माणसांना एकेक करून विचारलं, ‘गुडघे कसे आहेत?’, तर उत्तर बहुधा चांगलंच येईल. त्यावरून कुणी लिहिलं की पायऱ्या चढल्यानं गुडघे सुधारतात, तर चूक बेरजेत सापडणार नाही. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात ती माणसं खाली तिकीटखिडकीपाशी डोलीचा भाव विचारत असतात, नाहीतर घरीच राहिलेली असतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. वैद्यकीय संशोधनात भल्याभल्यांनी ही चूक केली आहे. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं आणि वर्षानुवर्षं त्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. मग 16,608 बायकांमध्ये कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी, हे नशिबावर सोडून चाचणी झाली. ती 2002 साली मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण फायदा राहिला बाजूला, स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार थोडे वाढलेलेच निघाले. आपणहून गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच धडधाकट आणि सुस्थितीतल्या होत्या. म्हणून पूर्ण झालेला कुठलाही अभ्यास हातात आला, मग तो नोंदवहीवरचा असो की चाचणीचा, की पहिला प्रश्न मला हाच वाटतो: यात कोण नाही, आणि त्यांना शोधायला कुणी गेलं होतं का?

जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाला सर्पदंशाचं रूप आहे. खाली कुकडी आणि घोडच्या पाण्यावरचा ऊस, टोमॅटो, कांदा. वर पश्चिमेला डिंभे-भीमाशंकरकडचा आदिवासी डोंगरपट्टा. शेतीपंपाला वीज रात्रीची आली की बॅटरी घेऊन दारं मोडायला जाणारा शेतकरी आणि हंगामात कोपीत जमिनीवर झोपणारा ऊसतोड मजूर, दोघंही सापाच्या वाटेवर. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी कित्येक वर्षं हे रुग्ण हाताळले आहेत, आणि सर्पविषावरची लस बनवणारा कारखानाही नारायणगावातच आहे. अशा दवाखान्यात निदानाचं सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे काचेची एक नळी. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, स्वच्छ कोरड्या नळीत सोडायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, हलवायचीही नाही. मग ती हळूच तिरकी करायची. रक्त जेलीसारखं जागच्या जागी राहिलं तर रक्तापुरतं ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं चावलं आहे आणि विष अंगात भिनलं आहे. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठायला काचेचा स्पर्शच चालना देतो. प्लास्टिकची नळी फसवते आणि साबणानं धुतलेली काचही फसवते. मग लसीच्या आठ-दहा कुप्या. प्रत्येकीतली पांढरी भुकटी दहा मिलिलिटर पाण्यात अलगद फिरवून विरघळवायची, कारण जोरात हलवली की फेस होतो. मूल असो की थोराड गडी, कुप्या तितक्याच, कारण सापानं ओतलेलं विष माणूस बघून कमी-जास्त होत नाही. सहा तासांनी पुन्हा तीच नळी.

अशा केसपेपरांमधून जे ज्ञान जमतं ते अस्सल असतं. कुठल्या महिन्यात कुठला साप, दंशापासून किती वेळानं रुग्ण आला, किती कुप्या लागल्या, मूत्रपिंड कुणाचं गेलं, हे तालुक्याच्या डॉक्टरइतकं नीट पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकाला माहीत नसतं. पण नोंदवही दाराच्या आतलंच बघते. मण्यार रात्री झोपेत चावते. तिच्या दंशाला धड सूज येत नाही, धड दुखतही नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणतो, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास अडकतो. घरचे आधी पित्त समजतात, मग बाहेरचं काही समजतात, आणि पान लागलं होतं हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. हा मृत्यू कुठल्याच रुग्णालयाच्या कागदावर नसतो. असे मृत्यू किती, हे कळलं ते दवाखान्याबाहेर जाऊन. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना पाहणीतल्या गावांत आणि वस्त्यांत घरोघर विचारून 2001 ते 2003 मधल्या सुमारे 1,23,000 मृत्यूंची कारणं तपासली गेली. त्यांत 562 सर्पदंशाचे निघाले. त्यावरून 2005 सालासाठी देशाचा अंदाज आला 45,900 मृत्यूंचा, म्हणजे रुग्णालयांच्या सरकारी आकड्यांच्या तीसपटीहून जास्त. त्या मृतांपैकी रुग्णालयात मेलेले जेमतेम 23 टक्के होते. म्हणजे उपचारांतून वाचलेल्यांची टक्केवारी कितीही अभिमानास्पद असली, तरी ती पोहोचलेल्यांचीच. दवाखान्याचं कौतुक त्यानं उणं होत नाही; पण ‘सर्पदंश आटोक्यात आला’ असं त्या टक्केवारीवरून म्हणता येत नाही.

मोजणीच्या पुढे जाऊन चाचणीचा आग्रह धरला की एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. हजारो रुग्ण ज्याच्या हाताखालून गेले त्या डॉक्टरला चाचणीची गरज काय? समोर माणूस तडफडत असताना चिठ्ठ्या काय टाकता? याचं उत्तर महाडनं दिलेलं आहे. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात धडधाकट मुलं घामानं निथळत, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी होऊन जात, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आधी फक्त पाहिलं आणि लिहून ठेवलं. ती निरीक्षणं 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. विष शरीराला स्वतःच्याच संप्रेरकांच्या पुरात लोटतं, रक्तदाब चढतो आणि हृदय थकतं, हे लक्षात आल्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली गेली. 1986 साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यू झपाट्यानं कमी झाले. इथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, आणि टाका म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं, कारण दुसरा चांगला उपाय हाताशी नव्हता आणि फरक डोळ्यांना दिसत होता. निरीक्षण पुरेसं ठरतं ते असं. पण गोष्ट तिथे संपली नाही. विंचवाच्या विषावरची लस मिळू लागल्यावर डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला 70 रुग्णांची चाचणी केली: 35 जणांना नुसतं प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातले 8, दुसऱ्यातले 32. बरं व्हायला लागणारा सरासरी वेळ पावणेअठरा तासांवरून आठ तासांवर आला. 2011 साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलं. ज्या गोळीशी आपलं नाव जगभर जोडलं गेलं, तीच एकटी अपुरी पडते हे त्या गोळीच्या पुरस्कर्त्यानंच दाखवून दिलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात याला तोड नाही. चाचणी लहान होती, एकाच ठिकाणची होती आणि कुणाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, हे खरंच. तरी 8 आणि 32 मधलं अंतर तेवढ्यानं पुसलं जात नाही. आणि नुसत्या अनुभवाला ते दिसलं नसतं, कारण प्राझोसिनवरचे बहुतेक रुग्णही शेवटी घरी जातच होते.

अनुभव दुसऱ्या बाजूनंही फसवतो. सर्पविषाची लस घोड्याच्या रक्तातून येते, त्यामुळे ती देताना अंगावर गांधी उठणं, थंडी वाजणं, क्वचित रक्तदाब कोसळणं घडतं. ते टाळायला आधीच हायड्रोकॉर्टिझोन आणि ॲलर्जीचं इंजेक्शन द्यायचा रिवाज कित्येक ठिकाणी पडला. दिलं, रुग्ण सुखरूप राहिला, म्हणजे इंजेक्शन लागू पडलं असा हिशेब. श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर याचीच परीक्षा झाली आणि निकाल 2011 साली आला. हायड्रोकॉर्टिझोन निरुपयोगी, ॲलर्जीचं प्रोमेथाझिनही निरुपयोगी. त्वचेखाली दिलेल्या ॲड्रेनलिनच्या छोट्या मात्रेनं मात्र पहिल्या तासातल्या गंभीर प्रतिक्रिया 43 टक्क्यांनी घटल्या; आणि सोबत हायड्रोकॉर्टिझोन दिलं तर तो फायदाही उरत नव्हता. जे इंजेक्शन ‘असू दे, नुकसान तर नाही’ म्हणून दिलं जायचं, ते उपयोगी औषधाचं काम बिघडवत होतं. दोन्ही प्रकारचे रुग्ण शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: चाचण्या गरिबांच्या अंगावर होतात. उस्मानाबाद जिल्ह्यातली, आता धाराशिव, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी घ्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून गावांचे 52 समूह करून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांचे चार गट पाडले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला कुठलीच नाही. 2009 साली निकाल आला तेव्हा एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं 34 बायका गेल्या होत्या, बिनतपासणीच्या गटात 64. या चाचणीचं मला पटलेलं बलस्थान असं की एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 27,192 जणींनीच तपासणी करून घेतली, पण मृत्यू मोजले ते सगळ्या 34,126 जणींचे. घाबरून, लाजून किंवा कामाच्या धबडग्यात न आलेल्या बायकाही हिशेबात धरल्या. म्हणून तो निकाल उद्या खऱ्या गावात काय होईल ते सांगतो. पण चौथ्या गटातल्या 31,488 जणींचं काय? त्यांच्या गावात तशीही कुठली तपासणी होत नव्हती, हा संशोधकांचा बचाव. तो खरा आहे आणि तरी अपुरा आहे. भारतात आणि अमेरिकेत अशा गटांवर आणि संमती नीट घेतली होती का यावर टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र माझा राग संशोधकांपेक्षा निकालानंतरच्या दशकावर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या 30 ते 49 वयाच्या बायका देशभरात 1.9 टक्के निघाल्या. त्या 64 जणींच्या मृत्यूतून जे कळलं, ते उरलेल्या कोट्यवधी बायकांपर्यंत पोहोचवायचं काम सरकारांचं होतं. चाचणी नैतिक होती की नाही, याचा अर्धा निवाडा तिच्या नंतरच्या वागण्यावर ठरतो.

आणि चाचणी मोडली तरी निरीक्षण वाया जात नाही, याचा दाखलाही याच आजारात आहे. एचपीव्ही लसीचे दोन डोस की तीन, हे पाहणारी देशभरातली चाचणी 2009 साली सुरू झाली. पुणे, मुंबई आणि बार्शी तिच्या केंद्रांपैकी होती. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठलं आणि 2010 साली सरकारनं सगळंच लसीकरण थांबवलं. हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी फाइल बंद केली नाही. त्या मुलींचा वर्षानुवर्षं माग ठेवला. एका डोसनंही भक्कम संरक्षण मिळतं हे त्यातून दिसलं, आणि 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस पुरेसा धरला त्यामागच्या पुराव्यात हा अभ्यास होता. अर्थात परिस्थितीमुळे एका डोसवर राहिलेल्या मुली आणि चिठ्ठ्या टाकून एक डोस दिलेल्या मुली सारख्या नसतात, म्हणून केनियातल्या वेगळ्या चाचणीचा आधार लागलाच.

‘एवढं सगळं एका तालुक्याला परवडणार कसं?’ हा शेवटचा आक्षेप. चाचणी परवडणार नाही, कबूल. पण मोजणी परवडते. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार करा असं सांगितलं. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे? रुग्णालयांनी कळवलेल्या आकड्याचे असतील, तर मण्यारीनं कोपीत मारलेला मजूर 2030 मध्येही मोजला जाणार नाही, आणि उलट जास्त रुग्ण दवाखान्यात पोहोचू लागले की कागदावर मृत्यू वाढलेले दिसतील. तेव्हा जुन्नर आणि आंबेगावच्या पंचायत समित्यांनी एवढं करावं: गावातल्या प्रत्येक अचानक मृत्यूनंतर आशाताईनं घरी जाऊन चार प्रश्न विचारावेत: कुठे झोपले होते, पहाटे काय दुखलं, पापण्या मिटत होत्या का, कुणाकडे नेलं. त्या उत्तरांचा गावनिहाय तक्ता नावं वगळून दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्याला ना कंपनी लागते, ना परदेशी निधी.