आईचे प्लेटलेट आणि पाचवीपर्यंतचे बाळ

गरोदरपणातील तपासणीत प्लेटलेटची संख्या दीड लाखाखाली आली की घरात काळजी पसरते. डेंग्यूमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. वस्तुतः अशा गर्भवतींपैकी ७० ते ८० टक्के स्त्रियांत ही घट गर्भारपणाचाच सौम्य परिणाम असते. ती बहुधा शेवटच्या महिन्यांत आढळते, क्वचितच ७०,००० च्या खाली जाते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत भरून निघते. बाळाला तिच्यापासून अपाय नसतो. कित्येकदा तर नळीतील ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र ते मोजतच नाही. म्हणून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कोणास घाबरवू नये. रक्तदाब वाढलेला असेल किंवा ताप असेल, तर मात्र विलंब नको. (पपईच्या पानांचा रस गर्भवतीला देऊ नये, हेही सांगून ठेवतो.)

मला बालरोगतज्ज्ञ म्हणून खरी चिंता वाटते ती आयटीपी असलेल्या मातेच्या बाळाची. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांचे प्लेटलेट कोसळले. रक्तद्रवातील तीच प्रतिपिंडे वार ओलांडून बाळापर्यंत जातात. आईची संख्या उत्तम असली, अगदी तिची प्लीहा काढलेली असली, तरी बाळाची संख्या कमी असू शकते. साधारण दहांतील एका बाळात ती ५०,००० च्या खाली जाते. मेंदूतील रक्तस्राव सुदैवाने विरळा. केवळ त्यासाठी सिझेरियन करण्याचे कारण नाही. व्हॅक्यूम मात्र टाळावा.

बाळाचे प्लेटलेट सर्वांत खाली जातात ते दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे बाळ घरी पोहोचून पाचवीच्या पूजेची तयारी चालू असते तेव्हा. कोयलीत रिफायनरीच्या आधाराने वसलेल्या मराठी घरांतील लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात आणि जुने कागद सासरी राहतात. तेव्हा ‘पूर्वी कधी प्लेटलेट कमी होते का?’ हे आम्हीच विचारले पाहिजे. नाळेच्या रक्तातील संख्या पाहावी व ती कमी असल्यास रोज मोजावी.

प्लेटलेट चढवण्याची घाईही बरी नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात २५,००० ऐवजी ५०,००० च्या मर्यादेवर प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू वा गंभीर रक्तस्राव अधिक आढळला.

आणि आईची संख्या पूर्ण चांगली, बाळ पूर्ण दिवसांचे, तरी अंगावर लाल ठिपके? अशा वेळी आईबापांच्या प्लेटलेटचे गट जुळत नसल्याची शंका घ्यावी. त्या जोडप्याला पुढच्या गर्भारपणापूर्वीच तज्ज्ञांकडे पाठवावे लागते, कारण पुढच्या बाळात हा विकार अधिक तीव्र, कधी गर्भातच, प्रकट होऊ शकतो.