जुन्या मोटारीची कुरकुर

तराजूचा काटा किंचित हलला तरी अनुभवी व्यापाऱ्याच्या ध्यानी येतो; परंतु दहा-पंधरा वर्षे घरात वावरलेल्या मोटारीचा बदललेला आवाज मात्र महिनोन्महिने कानाआड केला जातो. मग एके दिवशी सहकुटुंब प्रवासात ती घाटात अडून बसते, किंवा 'गिअरबॉक्स बदलावा लागेल' हे गॅरेजमधील वाक्य ऐकून, दोषाची खातरजमा न करता, मोठा खर्च मान्य होतो. आवाज केव्हा येतो, हे नीट टिपले तर बहुतेक वेळा ही दोन्ही संकटे टळतात.

प्रथम आपल्या गाडीची रचना जाणावी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. अँबॅसडर किंवा ओम्नीमध्ये ती लांब दांड्यावाटे मागच्या चाकांकडे जाते. साहजिकच दोषाच्या जागाही निराळ्या.

पहिली परीक्षा सोपी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरचा वेग कायम राखून चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात यावे. इंजिनाचे फेरे वाढतात, चाकांचे वाढत नाहीत. आवाजाची पट्टी चढली, तर कारण इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडील भागात शोधावे. तशीच राहिली, तर टायर, चाकांची बेअरिंगे वा डिफरन्शियल यांकडे पाहावे.

वेगाबरोबर वाढणारी घरघर डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच पालटत असेल, तर आधी टायर तपासावेत. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढल्यास संशय बहुधा डाव्या बाजूच्या बेअरिंगवर जातो. मेकॅनिकने चाक उचलून हाताने फिरवले, की खरखर किंवा ढिलेपणा जाणवतो.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना 'कट-कट' ऐकू आली, तर अॅक्सलच्या बाहेरील जॉइंटची झीज झालेली असते. तिचे मूळ पुष्कळदा फाटलेल्या रबरी बूटात असते. ग्रीस बाहेर उडते, धूळ-पाणी आत शिरते. आवाज सुरू होण्यापूर्वी फाटलेला बूट दिसला, तर सफाई, नवे ग्रीस व नवा बूट एवढ्यावर भागू शकते.

क्लचची परीक्षा गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये करावी. पेडल दाबताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग तपासावे; दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंग. रिलीज बेअरिंगसाठीही सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लचप्लेट झिजली असल्यास तीही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे, मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. मात्र गिअरबॉक्स उतरवणे वेगळे आणि तो बदलणे वेगळे, हा भेद ग्राहकाने ध्यानात ठेवावा.

मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढे-मागे घेताना 'ठक्' असा आवाज आला, तर दांड्याचा क्रॉस पाहावा. अॅक्सिलरेटर दाबताना वा सोडताना मागून शीळ येत असेल, तर प्रथम डिफरन्शियलमधील तेलाची पातळी तपासावी. जुन्या तेलात बारीक करडी भुकटी थोडी असणारच. पण धातूचे कपचे निघाल्यास गाडी पुढे दामटू नये.

वहीत चार नोंदी कराव्यात: वेग कोणता, गिअर कोणता, वळण कोणते, पाय कोणत्या पेडलवर. ही वही हाती देऊन मेकॅनिकला शेजारी बसवावे व आवाज प्रत्यक्ष ऐकवावा. बदललेला भाग दाखवण्यास सांगावे. चाकाच्या बेअरिंगची घरघर आणि जॉइंटची कटकट मात्र पुढच्या महिन्यावर ढकलू नये. तेथे प्रश्न केवळ पैशाचा नसून गाडीत बसणाऱ्या घरच्या माणसांचा असतो.